जुन्या कलावंतांची हलाखी आणि न जपलेले कागद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी २००२ रोजी तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर गेल्या आणि ४ फेब्रुवारीला चित्रपट अभिनेते भगवानदादा. अवघ्या वीस दिवसांत महाराष्ट्राने अशी दोन माणसे गमावली, ज्यांच्यासाठी एके काळी गावे रात्रभर जागली होती आणि थिएटरांपुढे रांगा लागल्या होत्या. विठाबाईंना १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाले, पण शेवटच्या आजारपणाचे दवाखान्याचे बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागले. भगवानदादांचा जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला केव्हाच गेला होता. त्यांनी डोळे मिटले ते दादरच्या चाळीत.

या दोघांवर आणि त्यांच्यासारख्या अनेकांवर मराठी वृत्तपत्रांत दरवर्षी लेख येतात. ते आपुलकीने लिहिलेले असतात, याबद्दल शंका नाही. पण काळ फिरला, पैसा उधळला, माणसे दुरावली, शेवटी कोणी विचारले नाही, हीच कथा प्रत्येक वेळी सांगितली जाते. वाचक हळहळतो आणि पान उलटतो. आमचे म्हणणे असे की, कलावंताचे म्हातारपण कसे जाणार हे बहुतेक वेळा उमेदीच्या वर्षांतल्या चार कागदांवर ठरते : करार, श्रेयनामावली, उचलीची वही आणि कार्यक्रमाचा पुरावा. यातल्या चौथ्या कागदात वृत्तपत्रांचा थेट हात आहे. म्हणून हे पत्र.

आधी भगवानदादांचे घेऊ, कारण त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिले जाते आणि हिशोबाचे त्यात काहीच नसते. भगवान आबाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. मूकपटांत सुरुवात केली, मग कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढले, १९४२ मध्ये स्वतःची जागृती पिक्चर्स ही संस्था आणि १९४७ मध्ये चेंबूरला स्टुडिओ. १९५१ चा ‘अलबेला’ तुफान चालला. नायक तेच, दिग्दर्शक तेच, निर्मातेही तेच. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांचे नुकसान झाले ते नट म्हणून नव्हे, निर्माता म्हणून. आणि निर्मात्याच्या पैशाची चाल वेगळी असते.

त्या काळी (आणि पुढेही कित्येक वर्षे) चित्रपट उभा राहायचा तो फायनान्सरच्या कर्जावर आणि वितरकांच्या आगाऊ रकमेवर. निगेटिव्ह लॅबमध्ये असायची आणि लॅब फायनान्सरला पत्र लिहून द्यायची की, तुमचे पैसे चुकते झाल्याशिवाय प्रिंट बाहेर जाणार नाही. वितरक आपापल्या टेरिटरीसाठी (वितरणाच्या प्रदेशासाठी) मिनिमम गॅरंटी, म्हणजे आधी ठरलेली किमान रक्कम, द्यायचे; ती हप्त्याहप्त्याने यायची आणि मोठा हप्ता प्रिंट हातात पडल्यावरच मिळायचा. म्हणजे चित्रीकरण चालू असेपर्यंत निर्माता व्याज भरत राहतो. तारखा पुढे गेल्या की व्याज वाढते, सेटचे भाडे वाढते आणि नवे कर्ज काढायला तारण म्हणून आधीच्या चाललेल्या चित्रपटाचे हक्क नाहीतर राहते घर पुढे करावे लागते. चित्रपट पडला तरी निदान प्रिंट असते, लहान गावांत ती फिरवता येते, हक्क विकून थोडे पैसे सुटतात. जो चित्रपट अर्ध्यावर थांबतो त्याचे मात्र काहीच येत नाही. ना प्रिंट, ना वितरक, ना विकायला हक्क. वर कर्ज जसेच्या तसे.

‘झमेला’ (१९५३) आणि ‘लाबेला’ यांना ‘अलबेला’चे यश मिळाले नाही. पुढे किशोरकुमारना घेऊन सुरू केलेला ‘हंसते रहना’ पूर्णच झाला नाही आणि त्यात भगवानदादा बुडाले. यात दारू आणि मोटारींच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. सात मोटारी विकून एक अर्धवट चित्रपट पुरा होत नाही, हे त्या धंद्यातला कोणीही सांगेल. त्यानंतर भगवानदादा दुसऱ्यांच्या चित्रपटांत लहान भूमिका करत राहिले, गाण्यात चार पावले नाचत राहिले आणि काम मिळेल त्या दिवसाचे पैसे घेत राहिले. तेव्हा त्यांचीच गाणी रेडिओवर रोज वाजत होती. दूरदर्शन आल्यावर पडद्यावर दिसतही होती. त्यांच्या नाचाची नक्कल करून पुढचे नट मोठे झाले.

मग त्या गाण्यांचे पैसे त्यांना का मिळाले नाहीत? याचे उत्तर कायद्यात आहे आणि ते सामान्य वाचकाला कोणी नीट सांगत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नटाला, गायकाला, नर्तकाला त्याच्या सादरीकरणाचा म्हणून काहीच हक्क नव्हता. देव आनंद यांच्या एका खटल्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, नटाने पडद्यावर केलेले काम ही कायद्याच्या अर्थाने ‘कृती’ नाही, म्हणून त्यावर त्याचा कॉपीराइट नाही. त्याआधी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांबाबतही निकाल दिला होता : निर्मात्याने मोबदला देऊन काम करून घेतले आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर पहिला मालक निर्माता. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. गाण्याचे मानधन घेतले की विषय संपला, असे मोहम्मद रफींचे मत होते. त्यावरून काही वर्षे दोघांची युगुलगीते थांबली. तो वाद दोन गायकांच्या अहंकाराचा म्हणून आजही चघळला जातो. खरे तर प्रश्न म्हातारपणाच्या भाकरीचा होता आणि लताबाईंना तो तेव्हाच कळला होता.

सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, तोही पंचवीस वर्षांसाठी. १९९९ मध्ये मुदत पन्नास वर्षे झाली. खरा बदल झाला २१ जून २०१२ पासून. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा सोडून देताच येत नाही, करारात तसे लिहिले तरी ते चालत नाही. सादरकर्त्यालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क मिळाला. आता ‘अलबेला’पुरती तारखांची बेरीज करून पाहा. चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रिकेचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे १९५१ च्या चित्रपटाचा ३१ डिसेंबर २०११ ला संपला. दुरुस्ती आली त्यानंतर सहा महिन्यांनी. चालीचा हक्क मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींचा हक्क २०४२ अखेरपर्यंत जिवंत आहे. गीतकार राजेंद्र कृष्ण १९८७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा २०४७ अखेरपर्यंत. एकाच गाण्यात तीन-चार वेगवेगळ्या मुदती धावत असतात. म्हणून ‘जुने गाणे आहे, आता कोणाचेच नाही’ असे कोणी सांगितले तर वारसांनी ते लगेच मान्य करू नये. आणि ‘सगळे आमचेच आहे’ असे एखाद्या कंपनीने सांगितले तर तेही.

या कायद्यातली एक तरतूद कलावंतांनी पाठच करायला हवी. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला ‘सादरकर्ता’ धरलेले नाही. रॉयल्टीच्या दृष्टीने असा माणूस अस्तित्वातच नसतो. घोळक्यातला नर्तक, एका प्रसंगातला हवालदार, लावणीच्या मागचा ढोलकीवाला हे सगळे यात मोडतात. नाव टाकायचे की नाही हे निर्मितीच्या शेवटच्या आठवड्यात, पाटी करणाऱ्याच्या टेबलावर ठरते. तेव्हा कलावंत दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर असतो. मालिकांत तर नामावली इतक्या वेगाने पळवतात की डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि पुनःप्रक्षेपणात कित्येकदा कापूनच टाकतात. म्हणून श्रेयाचे कलम करारातच हवे : नाव कोणते, कोणत्या अक्षरलेखनाने आणि प्रत्येक भागात की फक्त पहिल्या भागात. त्याच कागदावर पैसे किती दिवसांनी मिळणार हेही यावे, कारण मुंबईच्या मालिकांत कामाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत रुळली आहे आणि मधल्या काळात मालिका बंद पडली तर तगादा कोणाकडे लावायचा हे कोणालाच ठाऊक नसते. करारावर निर्मिती संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता आणि सही करणाऱ्याचे पद असले पाहिजे. वाहिनीचे नाव लिहिलेला कागद पुरत नाही. पैसे वाहिनी देत नाही, निर्मिती संस्था देते.

गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस) १९६९ पासून आहे. २०१७ मध्ये तिची नव्याने नोंदणी झाली. गायकांची स्वतंत्र संस्था २०१३ पासून आहे. नुसते सभासद होऊन पैसे येत नाहीत, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. प्रत्येक गाणे वेगळे नोंदवावे लागते : मुखडा, चित्रपट किंवा अल्बमचे नाव, वर्ष, गीतकार, संगीतकार आणि दोघांचा टक्का. एकाच गीतकाराचे नाव एका कॅसेटवर ‘शाहीर’ लावून, दुसरीवर आडनावाशिवाय आणि तिसरीवर गावाच्या नावाने छापलेले असेल तर ती तीन माणसे ठरतात. नोंदणी करताना ही सगळी नावे एकाखाली आणून घ्यावी लागतात. वारसदार असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस दाखला किंवा मृत्युपत्र लागते. भावाभावांत वाटा ठरलेला नसेल तर अर्ज तिथेच थांबतो.

लोकगीतांच्या बाबतीत आणखी एक खोड आहे आणि आमच्या मते तिने सर्वांत जास्त नुकसान केले आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत निघालेल्या असंख्य कॅसेटांवर लावणी, भारूड, गवळण यांपुढे गीत-संगीत ‘पारंपरिक’ असे छापून मोकळे झाले. त्यांतल्या कित्येक रचना हयात शाहिरांच्या होत्या, रोख पाच-पन्नास रुपयांत किंवा एकरकमी घेतलेल्या. ‘पारंपरिक’ म्हटले की रचनाकाराचा वाटाच निघत नाही. आता तीच ध्वनिमुद्रणे यूट्यूबवर चढली आहेत आणि लाखो वेळा ऐकली जातात. हे दुरुस्त करता येते, पण त्याला पुरावा लागतो : हस्तलिखित वही, त्या काळचे छापील गीतपुस्तक, फडाचे हँडबिल, आकाशवाणीच्या कार्यक्रमाचे करारपत्र. आकाशवाणीचा करार तर सोन्यासारखा जपावा, कारण त्यावर तारीख, केंद्र, कलावंताचे नाव आणि रक्कम हे चारही असते.

शांता हुबळीकरांचे उदाहरण थोडे निराळे आहे. प्रभातच्या ‘माणूस’मधली (१९३९) त्यांची मैना आणि ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे आजही लोकांच्या ओठांवर आहे. याच नावाचे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. शेवटची वर्षे त्यांनी वृद्धाश्रमात काढली आणि १९९२ मध्ये त्या गेल्या. स्टुडिओ-पद्धतीत नट-नट्या महिना पगारावर असत. पगार वेळेवर मिळे, ही त्या पद्धतीची मोठी सोय. पण चित्रपट कितीही चालला तरी पगार तेवढाच, आणि स्टुडिओ सोडला की काहीच नाही. ना निवृत्तिवेतन, ना हिस्सा. त्या पिढीतल्या नट्यांचा पैसा घरातल्या पुरुषांच्या हाती असायचा, हे तर त्यांच्या अनेकींच्या आत्मकथनांत लिहून ठेवलेले आहे. स्वतःच्या नावाचे बँक खाते, ही त्यांच्यासाठी दुर्मीळ गोष्ट होती.

तमाशाकडे येताना मात्र थांबून लिहिणे भाग आहे, कारण इथे कागद जवळजवळ नसतोच.

फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा उरकल्या की मिटतो. कमाई होते ती या सात-आठ महिन्यांत, त्यातही खरी गुढीपाडव्यापासून पुढच्या दीड-दोन महिन्यांत. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची जत्रा कमिटीची माणसे तिथे येऊन तारीख आणि सुपारी ठरवतात, इसार देतात, उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या रात्री. पावसाळ्याचे महिने कलावंताने जगायचे कशावर? तर पुढच्या हंगामाच्या उचलीवर. फडमालक सावकाराकडून महिन्याच्या व्याजाने पैसे उचलतो, त्यातून कलावंतांना उचल देतो, ट्रक, तंबू, जनरेटर, ध्वनियंत्रणा यांची जुळवाजुळव करतो. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. रोजचे दोन वेळचे जेवणच केवढे लागते याचा अंदाज करावा. एक अवकाळी पाऊस, एखाद्या गावातली भांडणे, निवडणुकीची आचारसंहिता, यांतले काहीही झाले की तारीख जाते आणि व्याज राहते. २०२० आणि २०२१ चे दोन्ही चैत्र कोरोनाने बंद पाडले. त्या दोन हंगामांची उचल पुढे कित्येक वर्षे कलावंतांच्या नावावर फिरत राहिली.

त्यात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. गण, गवळण, बतावणी, मग रंगबाजी आणि मध्यरात्रीनंतर वग (नाट्यकथा), असा ज्या खेळाचा साचा आहे त्याला दहाची मर्यादा म्हणजे वगच कापणे. वग कापला की सोंगाड्या, खलनायक, राजा-प्रधान करणारे जुनेजाणते नट सुपारीत नकोसे होतात. कमिटी म्हणते, गाणीच वाजवा. पन्नाशी ओलांडलेला वगनट पहिल्यांदा बाहेर पडतो तो असा. त्याच्या जागी नाचणाऱ्या दोन पोरी येतात. फडमालकाला दोष देऊन उपयोग नाही, त्यालाही सुपारी टिकवायची असते.

उचलीची वही मालकाकडे असते आणि कलावंताला आकडा तोंडी कळतो. हे बदलायला खर्च काहीच नाही. कलावंताने स्वतःची वेगळी वही ठेवावी : तारीख, घेतलेली रक्कम, पगारातून कापलेली रक्कम, बाकी, आणि समोर मालकाची किंवा मॅनेजरची सही. आजारपणासाठी घेतलेले, लग्नासाठी घेतलेले हे कारणासह लिहावे. हंगाम संपताना बाकी शून्य झाली असेल तर बेबाकीची पावती घ्यावी. पुढच्या वर्षी दुसऱ्या फडात जायचे झाले तर हीच पावती उपयोगी पडते, नाहीतर जुनी उचल नव्या मालकाच्या गळ्यात मारली जाते आणि ती व्याजासह कलावंताच्याच पगारातून वसूल होते. कमिटीशी होणारा ठरावही एका पानावर लिहावा : गाव, तारीख, एकूण रक्कम, इसार, पावसाने किंवा बंदोबस्तामुळे खेळ न झाल्यास इसार कोणाचा, आणि मागच्या बाजूला त्या रात्री फडात असलेल्या सर्व कलावंतांची नावे. ही मागची बाजू फडमालकाला निरर्थक वाटेल. वीस वर्षांनी त्या नावांची किंमत कळते. कशी, ते पुढे सांगतो.

आता सरकारी मानधनाबद्दल. राज्याची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना १९५४-५५ पासून चालू आहे, आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या आणि महिन्याला अनुक्रमे ३१५०, २७०० व २२५० रुपये मिळत. २०२४ पासून सरसकट ५००० रुपये झाले. वयाची अट ५० वर्षांची. दर जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड, समितीमार्फत. मानधन घेणारा गेला तर त्याच्या पतीला किंवा पत्नीला ते पुढे चालू राहते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो पुष्कळ घरांत केलाच जात नाही, कारण हे कोणी सांगितलेले नसते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचीही योजना आहे, महिन्याला कमाल ६००० रुपयांची, वय ६० पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत असणाऱ्यांसाठी. तिच्यासाठी आधी राज्याचे मानधन चालू असावे लागते. म्हणजे पहिली पायरी चुकली की दुसरीही गेली.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. पद्म पुरस्काराबरोबर पैसे येत नाहीत, निवृत्तिवेतनही नाही. लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. अशा बातमीनंतर गावाला वाटते की बाईंची आता सोय झाली, आणि जी थोडीफार मदत येत असते तीही थांबते.

अर्ज अडतात कुठे? पैशासाठी नव्हे, नावासाठी आणि पुराव्यासाठी. तमाशात आणि संगीत बारीत (गाण्या-नाचाच्या लावणी कार्यक्रमांत) आडनाव गावाचे लावण्याची रीत आहे. रंगमंचावर ‘सातारकर’ किंवा ‘नारायणगावकर’ असलेल्या बाईंच्या आधार कार्डावर माहेरचे किंवा नवऱ्याचे आडनाव असते, शाळेचा दाखला नसतो, आणि जन्मतारखेच्या जागी कोणीतरी अंदाजाने १ जानेवारी घातलेली असते. हँडबिलावरची आणि आधारवरची व्यक्ती एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र दोन साक्षीदारांसह आधीच करून ठेवावे, अर्जाची मुदत संपायला दोन दिवस असताना नव्हे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. रेशनकार्डावर मुलाचे नाव एकत्र असेल तर त्याचे उत्पन्न धरले जाऊन अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून कार्ड वेगळे असेल तर ते जोडावे. खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर मानधनही परत जाते. हयातीचा दाखला वेळेवर गेला नाही की हप्ता थांबतो आणि बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला यंत्र ओळखत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या पडताळणीचा आग्रह धरावा.

सर्वांत मोठी अडचण वर्षानुवर्षांच्या कलासेवेच्या पुराव्याची. समितीपुढे प्रमाणपत्रे, करारपत्रे, हँडबिले, छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे ठेवायची असतात. करार नसतात हे वर सांगितलेच. हँडबिलावर फडमालकाचे आणि मुख्य नायिकेचे नाव असते, झीलकऱ्याचे (मागे सूर धरणाऱ्याचे), तुणतुणेवाल्याचे, पेटीवाल्याचे नसते. ठरावपत्राच्या मागची नावे इथे कामी येतात. छायाचित्रे भिजून, चिकटून गेलेली असतात. उरते ते कात्रण. आणि ते हातात घेऊन पाहिले की काय दिसते? वर्तमानपत्राच्या पानाचा कापलेला तुकडा, मागे अर्धी जाहिरात, पुढे मजकूर : ‘जत्रेनिमित्त आयोजित लोकनाट्य तमाशाला रसिकांनी मोठी गर्दी केली. कलावंतांनी एकापेक्षा एक लावण्या सादर केल्या.’ तारीख कापलेल्या भागात गेलेली. वृत्तपत्राचे नाव नाही. एकाही कलावंताचे नाव नाही, मात्र सरपंच, उपसरपंच, चेअरमन आणि उद्घाटक यांची अकरा नावे आहेत. छायाचित्राखाली ‘लावणी सादर करताना कलावंत’. ज्या बाईंच्या नाचाचे ते छायाचित्र आहे त्यांना या तुकड्याचा काडीचा उपयोग होत नाही.

म्हणून आमची आपल्याला आणि आपल्या जिल्हा आवृत्त्यांच्या वार्ताहरांना विनंती आहे. जत्रा, गणेशोत्सव, शिवजयंती, लावणी महोत्सव, नाट्य स्पर्धा यांच्या बातमीत सादर करणाऱ्या प्रत्येकाचे नाव द्यावे, वादकांसह. फडाचे किंवा पार्टीचे नाव, गाव आणि कार्यक्रमाची तारीख मजकुरातच घालावी, ‘काल’ किंवा ‘नुकताच’ असे लिहून सोडू नये. छायाचित्राच्या ओळीत डावीकडून नावे द्यावीत. जागा कमी पडत असेल तर पाहुण्यांच्या यादीतून ती काढता येईल. जुन्या कलावंतावर लेख लिहिताना त्यांचे कागदोपत्री नाव आणि रंगमंचावरचे नाव दोन्ही छापावे, कोणत्या फडात वा कंपनीत कोणत्या वर्षी होते हे लिहावे, चित्रपट असेल तर निर्मिती संस्थेचे नाव आणि वर्ष द्यावे. त्यांचे मानधन चालू आहे का, नसल्यास कोणत्या कागदावाचून अडले आहे, एवढे दोन प्रश्न वार्ताहराने विचारले आणि उत्तर छापले तर ते वाचून तालुक्यातला कोणी ना कोणी तो कागद काढून द्यायला पुढे येतो. खाते क्रमांक छापून मदतीचे आवाहन करण्याआधी हे व्हावे.

दुसरी विनंती आपल्या संग्रहाबद्दल. आपल्या कार्यालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतील. १९७०, ८०, ९० च्या दशकांतल्या जत्रांच्या बातम्या आणि तमाशांच्या जाहिराती त्यांत आहेत. त्या जाहिरातींत कधी कधी संपूर्ण संचाची नावे असत. एखाद्या कलावंताने वर्ष आणि गाव सांगून मागणी केली तर त्या पानाची प्रत वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि कार्यालयाचा शिक्का घालून विनामूल्य द्यावी. महिन्यातला एक दिवस ठरवून दिला तरी पुरे. अर्जाबरोबर जोडायला तेवढे पान लागते.

आपले,
कलावंतांचे मानधन-अर्ज व करार यांचे काम पाहणारे काही वाचक,
सातारा